जे वाकते त्याच्यावरच भार

कमान मोडली तेव्हा सातवीची मुले भिंतीपाशी उभी होती. त्यांना लांब उभे केले होते, एवढी एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. कमानीचा खालचा तुकडा उडून शाळेच्या मागच्या कुंपणाला जाऊन आपटला, वरचा आमच्या मुठीत राहिला. तीन महिन्यांचे रविवार त्या कमानीत गेले होते. सुतारकाम करणारे तडवी बाबा बाजूला दगडावर बसले होते. ते उठले, दोन्ही तुकडे उचलून त्यांनी मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, जिथं वाकत होतं तिथंच तुम्ही तासलं."

त्या वाक्याने आम्हाला कमानीपेक्षा मोठ्या प्रश्नात टाकले. भार कोणी उचलावा? ज्याला उचलता येतो त्याने, की जो 'नाही' म्हणत नाही त्याने? घरात, वर्गात, मोहल्ल्यात या प्रश्नाचे उत्तर आपण रोज देतो, मात्र प्रश्न विचारला गेला आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

आधी कमान कशी सुरू झाली ते सांगतो. २०२४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये शीतल देवी आणि राकेश कुमार यांनी तिरंदाजीच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक मिळवले. शीतल देवीला दोन्ही हात नाहीत. ती पायाने कमान धरते. हे दृश्य मुलांनी कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मागणी आली, "सर, आपल्यालाही कमान पाहिजे." स्पर्धेतल्या कमानीची किंमत आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेच्या क्रीडा-निधीच्या कितीतरी पट होती. तेव्हा आम्ही म्हटले, कमान विकत कशाला घ्यायची, करू या.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात तडवी भिल्लांची वस्ती आहे. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत. भिल्लांचा तिरकमठा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची कमान बहुधा बांबूची असते आणि दोरीही बांबूच्याच सालीची. पण आमच्या बाबांच्या माळ्यावर धामणीचे एक लाकूड दोन वर्षे सुकत पडले होते. धामण हे लवचीक लाकूड. आपल्याकडे बैलगाडीच्या दांड्यांना, कुऱ्हाडीच्या दांड्याला ते वापरतात आणि कमानीसाठीही ते जुन्या काळापासून चालत आले आहे. लाकूड सावलीत, हळूहळू सुकावे लागते. घाईने उन्हात टाकले तर टोकांकडून चिरते, म्हणून बाबांनी दोन्ही टोकांना रंग फासून ठेवला होता. त्यांनी ते करवतीने कापले नाही, पाचर ठोकून उभे फोडले. "करवत धागा कापते, पाचर धाग्याच्या वाटेनं जाते," असे ते म्हणाले.

कमानीला पाठ असते आणि पोट असते. तीर मारणाऱ्याकडे असते ते पोट, समोर असते ती पाठ. कमान ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीचे काम सर्वांत जोखमीचे. तिच्यावरचा एक धागा जरी तुटला तरी तिथून चीर सुरू होते. म्हणून सालीखालची पाठ अखंड ठेवायची, तिला हत्यार लावायचे नाही. तासायचे असते ते पोट. आमची पहिली कमान ५ फूट ४ इंच लांब होती. मुठीच्या दोन्ही बाजूंना रुंदी दीड इंच, पुढे निमुळती होत टोकांशी अर्धा इंच. मुलांनी २४ इंच ओढल्यावर २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलोचा जोर लागावा, असा हिशेब होता.

वाकसाने आणि रंध्याने आकार द्यायला दोन रविवार पुरले. खरे काम त्यानंतर सुरू झाले. लाकूड अजून कमान झालेले नसते. दोन्ही बाजू सारख्या वाकायला शिकवावे लागते. त्यासाठी इंचाइंचावर खाचा पाडलेली एक काठी घ्यायची. तिच्या डोक्यावर कमानीची मूठ टेकवायची आणि दोरी खाली ओढून एकेका खाचेत अडकवायची. कमान वाकलेली राहते आणि आपल्याला दहा पावले मागे जाऊन तिचा बाक पाहता येतो. मागच्या भिंतीवर कोळशाने आडव्या रेषा मारल्या की कोणती बाजू किती खाली आली ते दिसते. जिथे कमान ताठ दिसेल तिथे पोटाकडून कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने थोडे खरवडायचे, मग वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचे आणि पुन्हा पाहायचे. खरवडल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. ते थोडे वापरात आले की मगच सांगते. आणि खरवडावे लागते फार थोडे. जाडी निम्मी झाली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्साच उरतो. काढलेले परत लावता येत नाही.

आमची चूक इथे झाली. कमानीचा खालचा भाग मुठीपासून वीतभर अंतरावर सुंदर वाकत होता. बाकीचा भाग फळीसारखा ताठ होता. आम्हाला ती वाकणारी जागा आवडली. वाटले, लाकूड इथे आपले ऐकते आहे. ताठ भागावर कानस घसरायची, मेहनत व्हायची, फरक दिसायचा नाही. मऊ जागेवर दोन हात फिरवले की कमान आणखी इंचभर खाली यायची. मुले म्हणायची, "सर, आली, आली!" आम्हीही खूश. एक-दोनदा टिक् असा बारीक आवाज आला होता. आम्ही समजलो दोरी घसरली. बाबा त्या आठवड्यात बाहेरगावी होते. ते परत आले त्या रविवारी आम्ही ऐटीत कमान चोवीस इंचांपर्यंत ओढली.

मोडलेले तुकडे पुढ्यात ठेवून बाबांनी आम्हाला तिथेच धडा दिला. जी जागा जास्त वाकते ती चांगली असते असे नाही. ती शेजारच्यांचे काम करत असते. शेजारचे ताठ राहतात म्हणून तिला त्यांच्या वाटणीचे वाकावे लागते. अशा जागेला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे, जे ताठ आहे ते, खरवडायचे. आणि दोष दिसला त्याच्यापुढे एक इंचही ओढायचे नाही. आधी दोष काढायचा, मग पुढची खाच.

हे ऐकताना आम्हाला एक मुलगी आठवली.

ती आमच्या वर्गात होती. २०२३ च्या मार्चमध्ये तिने आठवी पूर्ण केली आणि जूनमध्ये ती शाळेत आली नाही. हुशार होती, अक्षर सुरेख होते, पण तिची ओळख वेगळी होती. तिला काम सांगितले की ती "जी सर" म्हणायची. मग काम तिलाच सांगितले जायचे. फळा पुसणे, वह्या गोळा करणे, लहान वर्गाला पाढे म्हणून दाखवणे, बाई रजेवर असल्या की पहिलीच्या मुलांना सांभाळणे. दुसऱ्या मुलांना सांगितले तर कुरकुर व्हायची, दोनदा सांगावे लागायचे. घरीही तसेच होते. दोन भाऊ, एक थोरला, एक बरोबरीचा. आई आजारी. पाणी, भाकरी, धाकट्या बहिणीची वेणी, सगळे तिच्याकडे. पहिला तास बुडवून येऊ लागली तेव्हा आम्ही तिला समजावले की वेळेवर यायला हवे. तेही तिने ऐकून घेतले. स्नेहसंमेलनात आम्ही तिला 'आदर्श विद्यार्थिनी'चे प्रशस्तिपत्रक दिले. आज विचार केला की वाटते, काचेच्या तुकड्याने आणखी एकदा खरवडले.

ती शाळा सोडून गेली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोलणे झाले, "घरची परिस्थिती." ते खोटे नव्हते. पण त्या परिस्थितीत दोन धडधाकट भाऊ होते, आणि शाळेत आम्ही होतो. आम्ही सगळे ताठ होतो, म्हणून ती वाकत होती. टिक् असा आवाज आला होता. आम्ही समजलो दोरी घसरली.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून शब्दांकडे वळण्याची सवय आहे. 'अदल' हा शब्द आपण न्याय या अर्थाने वापरतो. अरबीत त्याच धातूपासून 'इद्ल' हा शब्द होतो. त्याचा अर्थ उंटाच्या पाठीवरच्या दोन समतोल ओझ्यांपैकी एक. म्हणजे न्यायाच्या मुळाशीच ओझे आहे आणि त्याची वाटणी आहे. 'जुल्म'ची व्याख्या जुन्या आलिमांनी केली आहे ती अशी, की एखादी गोष्ट तिच्या जागी न ठेवता भलत्या जागी ठेवणे. जुल्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक येतो, तुरुंग येतो. या व्याख्येत चाबूक नाही. ओझे चुकीच्या जागी ठेवले की पुरे. ठेवणारा प्रेमळ असला, 'आदर्श' म्हणून कौतुक करणारा असला, तरी व्याख्या बदलत नाही.

आणखी एक शब्द. फारसीत कमानीच्या मुठीपासून टोकापर्यंतच्या भागाला 'खाना' म्हणतात, अरबीत 'बैत'. दोन्हींचा अर्थ घर. कमानीला दोन घरे असतात, वरचे आणि खालचे. चौदाव्या शतकात ममलूक राज्यात तैबुगा या तिरंदाजाने या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्याच्या काळची कमान एका लाकडाची नसे. आत लाकडाचा गाभा, पोटाकडे शिंग, पाठीकडे जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि ते सगळे सरसाने जोडलेले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. स्नायू पोटाला आणि शिंग पाठीला लावले असते तर तेच साहित्य, तोच सरस, तीच मेहनत घेऊनही कमान टिकली नसती. कारागिरी सगळी या जाणण्यात होती की कोण काय सोसू शकतो. तुर्कस्तानच्या पारंपरिक तिरंदाजीला २०१९ मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत जागा दिली. त्या वारशात बाणाचा पल्ला जितका मोलाचा, तितकेच हे जाणणेही मोलाचे आहे.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकवले होते. मूल कुठे कच्चे आहे ते शोधा आणि तिथे जास्त काम करा. पद्धत चांगली आहे, आम्ही ती आजही वापरतो. पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे. दोष जिथे दिसतो तिथेच असतो, असे ते गृहीत. कमानीने आम्हाला शिकवले की दोष दिसतो एकीकडे आणि असतो त्याच्या शेजारी. गणितात मागे पडलेल्या मुलाला आम्ही जादा तास द्यायचो. त्याला रात्री अकरापर्यंत बापाच्या हातगाडीवर उभे राहावे लागते, हे चाचणीत येत नव्हते.

इथे काही वाचक म्हणतील की तुम्ही सब्रची किंमत कमी करता आहात. सोसणे हा गुण आहे, आपल्या दीनने तो शिकवला आहे. मान्य. पण सब्र हा सोसणाऱ्याचा गुण आहे. तो दुसऱ्याने वसूल करायचा कर नाही. आपल्यावर आलेल्या संकटात मी सब्र करीन, असे म्हणणे वेगळे आणि 'ती सब्र करते' म्हणून माझी घागर तिच्या डोक्यावर ठेवणे वेगळे. सोसणाऱ्याला जन्नत मिळेल अशी आशा आपण बाळगतो. त्याच्यावर ओझे ठेवणाऱ्याला काय मिळेल, याचा विचार आपण करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कमानीत सगळेच वाकत नाही. मूठ ताठच ठेवावी लागते. टोकेही फार वाकून चालत नाहीत. खालचा खाना वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवतात, कारण हात मधोमध नसून जरा खाली असतो आणि तीर मुठीच्या वरून जातो. मग घरातही कुणी तरी ताठ असायला हवा, असे कुणी म्हणेल. हो, हवा. ज्याच्या ताठपणावर इतरांना टेकता येते त्याचा ताठपणा कामाचा. मूठ ताठ असते, पण दोन्ही घरांचा सगळा जोर तिच्यात येऊन थांबतो. ज्या ताठपणामुळे शेजाऱ्याला जास्त वाकावे लागते तो निराळा. मुठीचे नाव सांगून तो लपवता येत नाही.

तिसरी गोष्ट कुणी विचारण्याआधी आम्हीच सांगतो. माणूस लाकूड नाही. ताठ माणसाला आपल्या मर्जीने खरवडण्याचा हक्क आम्हाला कुणी दिलेला नाही. म्हणून सुरुवात ज्याच्यावर आपला हक्क आहे तिथून करावी लागते, म्हणजे स्वतःपासून.

दुसरी कमान आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यात पूर्ण केली. त्याच धामणीचा दुसरा अर्धा भाग होता. या वेळी पोटाकडे एक गाठ निघाली. आम्हाला वाटले, आता दोन्ही बाजूंची जाडी सारखी कशी करणार? बाबा हसले. म्हणाले, "जाडी सारखी नाही करायची. बाक सारखा करायचा." गाठीभोवती लाकूड जास्त ठेवले. आज ती कमान हातात घेतली तर बोटांना उंच-सखल लागते. वाकवली की भिंतीवर दोन्ही बाजूंची सावली सारखी पडते. वर्गात सगळ्यांना सारखेच देणे म्हणजे न्याय, असे आम्ही दहा वर्षे समजत होतो. ज्याच्यात गाठ आहे त्याच्याकडे लाकूड जास्त राहू द्यावे लागते.

कमान झाल्यावरही ती सुरात आणावी लागते. दोरी आणि मूठ यांच्यात वळलेली मूठ आणि तिच्यावर उभा अंगठा मावेल इतके अंतर हवे, आमच्या कमानीला ते सहा इंच भरले. कमी वाटले तर दोरीला पीळ द्यायचा. दोरीला मेण लावायचे. तीर न लावता ओढलेली दोरी कधी सोडायची नाही, कारण तिराने न्यायचा जोर मग कमानीतच घुमतो. तिरांचेही तसेच. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ तीर डावीकडे जातो. मुलांनी असे तीर 'खराब' म्हणून बाजूला टाकले होते. ते खराब नव्हते, अधिक जोराच्या कमानीचे होते. आणि काम संपले की दोरी उतरवून ठेवायची. रात्रभर चढवलेली राहिली तर लाकूड तोच वाक आपला मानून बसते आणि मग सरळ होत नाही. उर्दूत कमानीच्या दोरीला 'चिल्ला' म्हणतात. चाळीस दिवसांच्या एकांतालाही 'चिल्ला'च म्हणतात. एक चढवायचा असतो, एक काढायचा असतो, आणि दोन्हींना शेवट असतो. आईची, मोठ्या बहिणीची, घरच्या सुनेची दोरी रात्री कोण उतरवते?

तीरंदाजी शिकून ती सोडून देणाऱ्याबद्दल हदीसमध्ये नापसंती सांगितली आहे. आम्ही ती आमच्यापुरती अशी घेतो की कमानीने शिकवले ते विसरू नये. आता वर्गात कामांची पाळी लावली आहे. फळ्याशेजारी कागद आहे, त्यावर सगळ्यांची नावे आहेत, आणि सर्वांत वर आमचे नाव आहे. 'जी सर' म्हणणाऱ्या मुलाला सलग दोन दिवस काम सांगायचे नाही, असा नियम आम्ही स्वतःला घातला. तो पाळणे सोपे नाही. हात आपोआप मऊ जागेकडे जातो.

त्या मुलीच्या घरीही आम्ही गेलो. तिला काही समजवायला गेलो नव्हतो. तिच्याशी बोलण्याआधी तिच्या दोन्ही भावांना ओट्यावर बसवले. थोरला म्हणाला, "सर, तिनं कधी तक्रारच केली नाही." आम्ही म्हणालो, "आमच्याकडेही नाही केली. म्हणून तर आलो." बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकटा म्हणाला की सकाळचे पाणी मी भरीन. थोरल्याने काही कबूल केले नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, त्याची माहिती आम्ही तिला दिली. तिने कागद घडी करून डब्यात ठेवला आणि आम्हाला विचारले, "सर, अभ्यास किती वाजता करू?"

त्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नाही. ते थोरल्या भावाकडे आहे, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच्याकडेच जाणार आहोत. ताठ जागेवर कानस घसरते आणि फरक लवकर दिसत नाही. पण काम तिथेच आहे.